विश्लेषण : जुनाट कंबरदुखीवर पिलाटेस किती उपयोगी?

अंथरुणातून उठताना कंबर धरते, दुचाकी खड्ड्यात गेली की कळ येते. मलम, पट्टा, गोळ्या सगळे झाले की कोणीतरी सुचवते, ‘पिलाटेस करून बघ’. या व्यायामाने दुखणे खरेच कमी होते का?

पिलाटेस म्हणजे काय?
जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांनी ही पद्धत विकसित केली. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये व्यायामशाळा काढली. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. श्वासाच्या लयीत, सावकाश आणि नियंत्रित हालचाली हा तिचा गाभा. पोट, पाठ आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मजबूत करण्यावर त्यात भर असतो.

कंबरदुखी जुनाट कधी ठरते?
तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली तर. बहुतेक रुग्णांमध्ये तिचे एकच नेमके कारण सापडत नाही. दुखेल या भीतीने हालचाल कमी होते, त्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणे लांबते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

संशोधन काय सांगते?
‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ मध्ये १० चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात ५१० रुग्ण होते. फारसे उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत पिलाटेस करणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, दैनंदिन कामेही सोपी झाली. मात्र इतर व्यायामांपेक्षा पिलाटेस सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. थोडक्यात, पिलाटेस उपयोगी आहे, पण तोच एकमेव उपाय नाही. जो व्यायाम आवडतो, परवडतो आणि महिनोन्‌महिने टिकतो, तो चांगला.

मग पट्ट्याचे काय?
जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट वापरू नये, असे म्हटले आहे.

महागडी यंत्रे हवीतच का?
नाही. स्प्रिंग लावलेले ‘रिफॉर्मर’ हे यंत्र प्रसिद्ध असले तरी बरेचसे व्यायाम सतरंजीवर करता येतात. उदाहरणार्थ, पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत. श्वास सोडत पोट हलके आत घ्यावे आणि कंबर अलगद जमिनीला टेकवावी. श्वास घेत पूर्वस्थितीत यावे. सुरुवातीला ही हालचाल पाच-सहा वेळा पुरे. सुरुवातीचे काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकणे हिताचे. चित्रफीत पाहून अवघड प्रकार लगेच करू नयेत. स्नायू थोडे ओढल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण पायात कळ उतरली किंवा दुखणे वाढत गेले, तर थांबावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?
लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातील ताकद कमी होणे, ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर व्यायामाआधी तपासणी आवश्यक. हाडे ठिसूळ असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.