पिट्टू भरताना

सैनिकाचं निघणं आपण सिनेमात पाहिलेलं असतं. फलाटावर औक्षण, गळ्यात हार, गाडीच्या खिडकीतून हलणारे हात. गडचिरोलीत असं काही होत नाही. सी-६०ची पार्टी अभियानावर निघते तेव्हा शेजारच्या क्वार्टरलाही पत्ता लागू द्यायचा नसतो.

कागदोपत्री हे युद्धही नाही आणि जाणारे पोलीस आहेत. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवान निवडून नक्षलविरोधी पथक उभं केलं, म्हणून नाव सी-६०. पुढे अहेरीच्या प्राणहिता पोलीस उपमुख्यालयातूनही पार्ट्या निघू लागल्या. प्रत्येक पार्टी तिच्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते. जवान बहुतेक इथलेच, गोंडी-माडिया बोलणारे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि त्यातल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या.

ओळखीच्या एका जवानाच्या घरी मी पिट्टू, म्हणजे पाठीवरची पिशवी, भरताना पाहिला. तळाला प्लास्टिकची शीट आणि मच्छरदाणी. त्यावर मोज्यांचे जोड, कारण ओल्या मोज्यात पायाला फोड आले की चालणं संपलं, आणि चालता न येणारा जवान साऱ्या पार्टीचं ओझं. मग पोहे, गूळ, मुरमुरे. बिस्किटांचे पुडे बायकोनं फोडले आणि बिस्किटं कापडात बांधली. चुरचुरणारं वेष्टन रात्री लांबवर ऐकू जातं. सासूनं चटणीसाठी स्टीलचा डबा पुढे केला. “डबा नको, वाजते,” सून म्हणाली. शेवटी ओआरएस, मलेरियाच्या गोळ्या, डास पळवायचं मलम. बंदुकीच्या गोळीइतकीच इथे डासाचीही भीती. पिट्टू खांद्यावर चढवून तो जागच्या जागी दोनदा उडाला. काही खुळखुळलं नाही.

कुठे, किती दिवस, हे कोणी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली, “जपून राहजो.” बायकोनं मुलीच्या शाळेची फी आणि गॅसचा नंबर लावायचा विषय काढला. ती मन दुसरीकडे वळवतेय असं मला आधी वाटलं. पण तो निघायच्या आधीचा खराखुरा हिशेब होता: मागे काही अडणार नाही, एवढं त्याला कळायला हवं होतं.

न विचारण्याला कारणं आहेत. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे जिल्ह्यानं पोलिसांचे मृतदेह मोजले. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस गेले आणि त्यांच्यासोबत ते बसले होते त्या खासगी गाडीचा चालकही. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. तो फक्त त्यांना पोहोचवायला निघाला होता. अशा जवानांना आधार देणं म्हणजे काय, हा प्रश्न पडला की मला आधी तो आठवतो.

किंमत मोजणारे आणखी आहेत. पोरगा सी-६० मध्ये गेला की गावातल्या घरावर माओवाद्यांचा डोळा राहतो. स्वतःच्या गावच्या लग्नाला वर्षानुवर्षं जाता न आलेले जवान इथे आहेत. शिवाय समोर बंदूक धरणाराही पुष्कळदा गोंड-माडिया घरातलाच, याच बोलीत आईला हाक मारणारा. त्यामुळे चकमकीच्या बातमीवर शहरात फुटणारे फटाके इथल्या क्वार्टरमध्ये फारसे गोड लागत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. हे युद्ध आता सरत आलंय, असं लोक उघड बोलू लागले. तसं झालं तर चांगलंच. पण ज्यांची पस्तीस वर्षं या जंगलात गेली, त्यांची गुडघेदुखी, तुटक झोप आणि सोबत्याचा मृतदेह खांद्यावरून आणल्याची आठवण आत्मसमर्पणाच्या कार्यक्रमाबरोबर संपत नाही.

जाताना विचारू नये, ही शिस्त या जिल्ह्याला चांगली जमली. पण तीच सवय परतल्यावरही राहिली. जवान घरी येतो, दोन दिवस झोपतो, कोणी काही विचारत नाही, तोही सांगत नाही. पुढच्या अभियानाचा पिट्टू भरायची वेळ येते. हुतात्मा स्मारकावर २१ ऑक्टोबरला फुलं वाहणं सोपं आहे. जिवंत परतलेल्याशेजारी बसून “कसा आहेस?” विचारणं आणि उत्तर लांबलं तरी उठून न जाणं, हे आपल्याला शिकावं लागेल. त्यासाठी ना सरकारी जीआर लागतो, ना हार.