घड्याळ रुसले

काकूंचा मुलगा मुंबईला नोकरीला लागला. पहिला पगार हाती आला, तसे त्याने आईला एक घड्याळ पाठवले. साधे घड्याळ नव्हे, नव्या तऱ्हेचे. त्याला स्मार्टवॉच म्हणतात. त्यात वेळ दिसते. दिवसभरात किती पावले चाललो, ते कळते. आणि फोन आला की घड्याळ मनगटावर थरथरते.

काकू खुरपायला जातात. फोन कमरेच्या पिशवीत असतो. वाऱ्यात, बायकांच्या बोलण्यात त्याची घंटी ऐकू येत नसे. आता मनगट थरथरले की काकू खुरपे खाली ठेवीत, हात पदराला पुशीत आणि लेकाशी दोन शब्द बोलत. असे चार महिने गेले.

मग एक दिवस घड्याळ बंद पडले. काकूंनी ते चार्जरला लावले. काही दिसेना. रात्रभर लावून ठेवले. सकाळी पाहिले, तरी तसेच. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवले. दुकानदाराने हातातही न घेता सांगितले, "बॅटरी गेली. नऊशे रुपये पडतील."

नऊशे रुपये म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी. काकू गुपचूप घरी आल्या. रात्री लेकाचा फोन आला. त्याने विचारले, "आई, घड्याळ बरं चाललंय न्हवं?"

"व्हय, झ्याक चाललंय," काकू म्हणाल्या.

खोटे बोलल्या, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोराने घाम गाळून पाठवलेली वस्तू आपण मोडली, असे त्यांना वाटत राहिले.

सकाळी त्यांनी सुरी घेतली. घड्याळ मागून उघडून पाहावे, असा बेत होता. इतक्यात शेजारची मुलगी आली. तिने काकूंचा हात धरला. "काकू, थांबा! उद्या बाजार हाय. घड्याळवाल्या चाचांना दाखवू."

चाचा चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतात. पूर्वी चावीची करीत. मग सेलची आली. आता ते मोबाइल आणि ही नवी घड्याळेही पाहतात.

चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पावती आहे का?"

"पोराकडं असंल."

"मग हे उघडायचं नाही. नव्या घड्याळाला बहुतेक वर्षभराची हमी असते. आपण उघडलं की हमी गेली. आधी बाहेरून बघू."

त्यांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळ पालथे केले आणि हसले. "ताई, बॅटरी गेली नाही. घड्याळाचं तोंड बंद झालंय. त्याला जेवण मिळेना."

घड्याळाचे तोंड

अशा पुष्कळ घड्याळांच्या पाठीला दोन किंवा चार बारीक ठिपके असतात. ते धातूचे असतात. चार्जरलाही तशाच छोट्या पिना असतात. लोहचुंबकामुळे चार्जर पाठीला चिकटतो. पिन ठिपक्याला टेकली म्हणजे वीज आत जाते. तेच घड्याळाचे तोंड.

शेतात काम करताना मनगटाला घाम येतो. घामात मीठ असते. त्यावर माती बसते. वर साबण लागतो, तेल लागते. ठिपक्यावर हळूहळू थर चढतो. मग पिन टेकते, पण धातूला धातू लागत नाही. वीज बाहेरच राहते.

चाचांनी कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावले. इंजेक्शनच्या आधी दवाखान्यात लावतात, तसलेच. घड्याळ बंदच होते. त्यांनी ठिपके हलक्या हाताने पुसले. बोळा काळा झाला. मऊ, कोरड्या ब्रशाने चार्जरच्या पिनाही साफ केल्या. सुई, ब्लेड, पॉलिशकागद यांतले काही वापरले नाही. त्याने ठिपक्याचा मुलामा निघतो आणि गंज लवकर धरतो.

काही घड्याळांना असे ठिपके नसतात. ती नुसती चार्जरवर ठेवली, तरी वीज घेतात. त्यांची पाठ पुसून ती चार्जरच्या बरोबर मधोमध ठेवावी. जरा सरकले की चार्जिंग थांबते.

चाचांनी चार्जर लावला. काकू डोळे लावून बसल्या. काच काळीच राहिली.

"चाचा, गेलं न्हवं?"

"घाई करू नका. उपाशी माणसाला आधी पेज पाजतात. चहा घ्या."

बॅटरी अगदी रिकामी झाली असेल, तर घड्याळ आधी अगदी थोडी वीज घेते. तेवढ्यात काच उजळत नाही. अशा वेळी अर्धा-पाऊण तास वाट पाहावी लागते. लोक पाच मिनिटांत काढून घेतात आणि म्हणतात, घड्याळ मेले.

आत काय असते?

चहा घेता घेता चाचांनी बॅटरीचे काम सांगितले.

बॅटरीत दोन कप्पे असतात. मध्ये पातळ पडदा असतो. आत लिथियम नावाच्या फार हलक्या धातूचे कण असतात. चार्जिंगला लावले की हे कण एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात. घड्याळ चालू लागले की ते परत येतात. जशी गुरे सकाळी रानात जातात आणि सांजेला गोठ्यात येतात. या येण्या-जाण्यातच वीज साठते आणि मिळते.

पण रोजच्या फेऱ्यात काही कण आतच अडकून पडतात. म्हणून बॅटरी म्हातारी होते. साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण फेरे झाले की तिची ताकद कमी झालेली जाणवू लागते. पूर्ण फेरा म्हणजे भरलेली सारी बॅटरी वापरणे. आज अर्धी वापरली आणि उद्या अर्धी, तर दोन्ही मिळून एक फेरा.

ही लिथियमची बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम विक्रीला आणली. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते, त्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ही त्यांची नावे. गुडइनफ यांचे वय तेव्हा ९७ वर्षांचे होते. शिकायला आणि शोधायला वयाची आडकाठी नसते, ती अशी.

एवढ्या लवकर का उतरते?

काकू म्हणाल्या, "बंद पडायच्या आधीबी रोज रात्री लावाया लागायचं. पोरगा तर म्हणला होता, चार दिस पुरतंय."

चाचा म्हणाले, "फोनची बॅटरी म्हणजे रांजण. घड्याळाची म्हणजे तांब्या."

हे खरे आहे. आजच्या फोनच्या बॅटरीवर बहुधा ४००० किंवा ५००० असा आकडा असतो. घड्याळाच्या बॅटरीवर पुष्कळदा २०० ते ४०० असतो. एवढ्याशा साठ्यावर काच उजळायची, फोनशी बोलणे ठेवायचे, पावले मोजायची. तांब्याला दोन-तीन भोके पडली तर पाणी किती वेळ टिकणार?

ही भोके कोणती?

पहिले भोक काचेचे. काच सारखी उजळलेली राहिली, किंवा फार प्रखर ठेवली, की बॅटरी भराभर उतरते. हात उचलल्यावरच काच उजळेल, अशी सोय घड्याळात असते. पण खुरपताना हात सारखा हलतो, आणि काच दिवसभर लागते-विझते. अशा वेळी बटण दाबल्यावरच काच उजळेल, असे करून ठेवावे.

दुसरे भोक नाडीचे. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. नाडीच्या ठोक्याबरोबर रक्त कमी-जास्त होते, तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. हा दिवा चोवीस तास चालू ठेवला तर वीज जास्त जाते.

तिसरे भोक बोलण्याचे आणि वाटेचे. काही घड्याळांतूनच फोनवर बोलता येते. काहींत आपण कोठून कोठे गेलो, तेही नोंदले जाते. दोन्ही कामे वीजखाऊ. लागतील तेव्हाच ती चालू करावीत.

काकूंच्या घड्याळात ही तिन्ही भोके उघडी होती.

उन्ह, उशी आणि पाणी

"चार्जिंगला कुठं लावता?" चाचांनी विचारले.

"खिडकीत. पत्र्याखाली."

उन्हाळ्यात पत्र्याखालची खिडकी म्हणजे भट्टीच. लिथियमच्या बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. घड्याळ फार तापले तर ते स्वतःच चार्जिंग थांबवते. अशा वेळी ते काढून सावलीत निवू द्यावे. फ्रीजमध्ये ठेवू नये. आत दव धरते.

उशीखाली किंवा गोधडीत घड्याळ चार्ज करू नये. उष्णतेला बाहेर जायला वाट राहत नाही. फरशीवर किंवा मोकळ्या फळीवर ठेवावे.

ओले घड्याळ कधीही चार्जरला लावू नये. पाण्यातून वीज इकडून तिकडे गेली की ठिपके लवकर गंजतात. आधी पुसावे, पुरते वाळू द्यावे, मगच लावावे.

चार्जर शक्यतो घड्याळाबरोबर आलेलाच वापरावा. पुष्कळदा नुसती वायर येते, भिंतीत बसवायचा ठोकळा येत नाही. तेव्हा घड्याळाच्या कागदावर सांगितला असेल तसलाच ठोकळा घ्यावा. बहुधा तो ५ व्होल्टचा असतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी. अक्षरे इंग्रजी असली तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावीत. रस्त्यावरचा बेनावाचा स्वस्त ठोकळा महागात पडतो.

फुगलेली बॅटरी

चाचांनी पेटीतून दुसरे घड्याळ काढले. ते वाळू भरलेल्या डब्यात ठेवले होते. त्याची काच एका बाजूने वर उचलली होती.

"हे कशानं झालं?" काकूंनी विचारले.

"बॅटरी फुगली. मालक काच दाबून, रबर बांधून आठ दिवस चार्ज करत होता. घर वाचलं, हे नशीब."

बॅटरी खराब झाली की आतल्या द्रवाचा वायू होतो. मग ती फुगते. तिच्या आतला पातळ पडदा फाटला तर दोन्ही कप्पे एकमेकांना भिडतात. मग ती एकदम तापते आणि पेटही घेते. म्हणून फुगलेले घड्याळ दाबू नका. टोचू नका. चार्जरला तर मुळीच लावू नका. घरातल्या कापडापासून, कडब्यापासून ते दूर ठेवा आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्या.

काकूंनी मान खाली घातली. "म्या सुरी खुपसणार हुते, चाचा."

"खुपसली नाही ना? मग झालं. पैसे वाचवावेत, पण जीव धोक्यात घालून नव्हे."

अशी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, चुलीत तर नाहीच नाही. २०२२ सालच्या नियमाप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. आपण त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या आहेत.

घड्याळ जागे झाले

इतक्यात घड्याळ थरथरले. काळ्या काचेवर बॅटरीचे चित्र उमटले. त्यात एक बारीकशी रेघ होती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले.

चाचांनी तिन्ही भोके बुजवून दिली. किती झाले, असे विचारले तर म्हणाले, "चहाचे दहा रुपये."

त्या रात्री लेकाचा फोन आला. काकूंनी सारे खरे सांगितले. तो म्हणाला, "आई, आधी का न्हाई सांगितलंस? पावती माझ्याकडं हाय. वर्षाच्या आत बिघडलं तर कंपनीनं दुरुस्त करून द्यायला हवं."

खरेच आहे. हमी असूनही दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार सांगता येते. मराठीतही बोलता येते.

आता काकू दर आठवड्याला घड्याळाची पाठ पुसतात. घड्याळ चार दिवस पुरते. खुरपताना मनगट थरथरले की काकू खुरपे खाली ठेवतात.

ध्यानात ठेवा

१. चार्जिंग होत नसेल तर आधी ठिपके आणि पिना पुसा. मग दुसरा ठोकळा लावून पाहा.

२. अगदी उतरलेले घड्याळ निदान अर्धा तास चार्जरवर ठेवा. तरी उठले नाही तर चार्जरवर असतानाच बाजूचे बटण थोडा वेळ दाबून धरा.

३. बॅटरी दर वेळी पार रिकामी होऊ देऊ नका. थोडी शिल्लक असतानाच लावा.

४. घड्याळ पुष्कळ दिवस वापरायचे नसेल तर बॅटरी अर्धी भरून, बंद करून, थंड जागी ठेवा. रिकामे ठेवू नका.

५. उन्हात, उशीखाली किंवा ओले असताना चार्ज करू नका.

६. फुगलेले घड्याळ चार्ज करू नका, उघडू नका.

७. पावती जपून ठेवा.