शाहझिया सिकंदर: लघुचित्रातूनच निघालेली अमूर्ताची वाट

शाहझिया सिकंदर यांच्याविषयी एक विधान हमखास केलं जातं: त्यांनी मुघल लघुचित्रशैली आणि आधुनिक अमूर्त चित्रकला यांचा मिलाफ घडवला. १९६९ मध्ये लाहोरला जन्म, कलाशिक्षणाची सुरुवात तिथेच आणि १९९३ पासून अमेरिकेत पुढचं शिक्षण, असा जीवनक्रम असल्यामुळे परंपरा लाहोरच्या खात्यावर आणि अमूर्तता अमेरिकेच्या खात्यावर टाकणं सोपं जातं. गेल्या साडेतीन दशकांतलं त्यांचं काम सलग पाहिलं की हा हिशेब जुळत नाही. त्यांच्या चित्रांतलं अमूर्त लघुचित्रातच होतं. त्यांनी ते सुटं केलं, वाढवलं आणि त्याला स्वतःची गती दिली.

लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये ऐंशीच्या दशकात बशीर अहमद लघुचित्रकला शिकवत होते. आधुनिक व्हायच्या घाईत असलेल्या अनेकांना तो विषय जुनाट वाटे. सिकंदर यांनी मुद्दाम तोच निवडला. कागदाचे थर खळीने चिकटवून वसली तयार करायची, ती घोटून गुळगुळीत करायची, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ठिपक्यामागून ठिपका टेकवत छटा उभी करायची. या शेवटच्या कामाला तिथे परदाख्त म्हणतात. या शिस्तीतून १९८९-९० मध्ये ‘द स्क्रोल’ हा पट तयार झाला. उंची जेमतेम ३४ सेंटीमीटर, लांबी दीड मीटरहून थोडी जास्त. चहाच्या पाण्याने रंगवलेल्या वसलीवर लाहोरमधलं एक आधुनिक घर आहे आणि त्याच्या खोल्याखोल्यांतून पांढऱ्या, जवळजवळ पारदर्शक कपड्यांतली एक तरुणी फिरते. तिचा चेहरा कुठेच दिसत नाही. एकाच पटात एकच व्यक्ती अनेकदा दाखवणं ही जुन्या पोथीचित्रांची रीत. पण आकृत्यांवरून नजर काढून फरशी, भिंती, जिने आणि चौकटी पाहाव्यात. खोलपणाचा आभास देण्याऐवजी उभे-आडवे रंगपट्टे एकमेकांना टेकून उभे आहेत आणि चित्राचा सगळा तोल त्यांनीच धरला आहे. लघुचित्रकार शतकानुशतकं अशीच रचना करत आले. कथा वाचण्याच्या नादात आपण ती पाहत नव्हतो, इतकंच.

पुढचं पाऊल सर्वांत महत्त्वाचं आहे आणि ते गोपींच्या केसांचं आहे. कृष्णचित्रांत गोपी घोळक्याने येतात, सारख्या वेशात, सारख्या केशरचनेत. सिकंदर यांनी त्या घोळक्यातून फक्त केसांचा काळा आकार उचलला. शरीर नाही, चेहरा नाही. एक वळणदार काळा ठसा. २००३ च्या ‘स्पिन’ या चलच्चित्रात मुघल दरबारात बादशहाच्या जागी गोपी जमतात, मग त्यांची शरीरं विरतात आणि उरलेले केस पाखरांच्या थव्यासारखे दरबारभर घोंघावू लागतात. हा आकार एकटा पाहिला तर कशाचा आहे ते सांगता येणार नाही. शेकडोंनी एकत्र आला की त्यातून दिशा आणि दाब तयार होतो. २०१३ च्या ‘पॅरलॅक्स’मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या संदर्भात तो पुन्हा येतो आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या जाहिरातींच्या पडद्यांवर मध्यरात्री दिसला तोही हाच. अमूर्त चित्रकलेत याहून तर्कशुद्ध प्रवास मला फारसा माहीत नाही: प्रत्येक पायरीवर मागची पायरी दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतच त्यांचा हात मोकळा झाला, शाई ओघळू लागली, पायांऐवजी मुळांचा गुंता असलेली अधांतरी स्त्रीआकृती आली. मग अमेरिकेचं श्रेय का नाकारायचं? नाकारण्याचं कारणच नाही. भिंतभर मोठा आकार आणि ट्रेसिंग पेपरचे एकावर एक टांगलेले थर ही त्या वर्षांची देणगी आहे. पण मोकळेपणा तिथे मिळाला, तरी मोकळं काय करायचं ते लाहोरहूनच सोबत आलं होतं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: लाहोरमधली ही परंपरा तरी अस्सल कुठे? मूळ हस्तलिखितं पांगली. ‘पादशाहनामा’ विंडसरला, ‘अकबरनामा’ची पानं लंडनच्या संग्रहालयात. लाहोरची संस्था १८७५ मध्ये मेयो स्कूल म्हणून सुरू झाली आणि तिचे पहिले प्राचार्य लॉकवुड किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत होते. म्हणजे ‘भारतीय कला’ कशाला म्हणायचं हे दोन्ही शहरांत वसाहतकाळातल्या वर्गांनी बऱ्याच अंशी ठरवलं. हे खरंच आहे, आणि त्याने माझा मुद्दा बळकटच होतो. सिकंदर यांच्या हाती परंपरा आली तीच सुट्या पानांच्या रूपात. अखंड पोथी ज्याला मिळालीच नाही, त्याने तुकडा उचलून त्याच्यापासून सुरुवात करावी यात कृत्रिम काही नाही.

कागद सोडल्यावरचं सगळंच काम मला सारखं पटत नाही. ‘विटनेस’ हा १८ फुटी पुतळा २०२४ मध्ये ह्यूस्टनला शिरच्छेद झाल्याने जगभर गाजला आणि तो दुरुस्त न करता तसाच ठेवण्याचा सिकंदर यांचा आग्रह धाडसी होता. तरी त्या पुतळ्यात आकार सुटा होण्याची ती ताकद नाही, प्रतीकाचं ओझं जास्त आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातलं ६६ फूट उंचीचं मोझेक मात्र वेगळं. तिथे रंग पसरलेला नाही. काचेचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याहून किंचित गडद किंवा फिका ठेवून छटा चढवली आहे. परदाख्तची हीच पद्धत. फरक एवढाच की खारीच्या केसाने टेकवलेला ठिपका इथे बोटाच्या चिमटीत धरता येईल एवढा झाला आहे.