जलचर आणि कीटकनाशके : जोखीममापनातील एक प्रश्न

‘कीटकनाशक’ ही संज्ञा द्रव्याच्या स्वभावावरून नव्हे, तर ते वापरणाऱ्याच्या हेतूवरून सिद्ध झालेली आहे. कोणाचा नाश व्हावा हे ती सांगते. कोणाकोणाचा होईल याविषयी ती मौन पाळते. हे मौन भरून काढण्याच्या शास्त्रीय प्रयत्नास जोखीममापन म्हणतात. ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी येत असले, तरी शास्त्रास त्यांतील भेद पाळावा लागतो. धोका द्रव्याच्या अंगी असतो. बाटलीत बंद असलेले विषही धोक्याचेच. ते जलचरापर्यंत किती प्रमाणात पोहोचेल याचा हिशेब त्यात मिळविला म्हणजे जोखीम ठरते. मराठीत जोखीम ‘पत्करतात’. तळ्यातील माशास मात्र तसे कोणी विचारीत नाही, हा भाग वेगळा.

मापनाची नेहमीची रीत अशी : डॅफ्निया हा सूक्ष्म कवचधारी जीव ४८ तास आणि मासे ९६ तास निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवावयाचे, आणि ज्या तीव्रतेस निम्मे प्राणी मरतात वा निश्चेष्ट होतात ती नोंदवावयाची. शेतातून वाहून ओढ्यात येऊ शकणारी तीव्रता गणिताने काढून दोहोंची तुलना करितात. युरोपीय संघात मूल्यमापनाच्या पहिल्या पायरीवर पहिली दुसरीच्या निदान १०० पट असावी लागते. हा शंभराचा आकडा निसर्गाने दिलेला नव्हे. मोजक्या जातींवरून असंख्य जातींविषयी अनुमान करताना बाळगलेली ती सावधगिरी होय.

परंतु पाण्यातील तीव्रता हेच जलचराच्या वाट्यास येणाऱ्या विषाचे माप मानावे काय? कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचा वृत्तांत येथे उद्बोधक आहे. तेथील चिलटासारखा कीटक चावत नसे, पण त्याचे थवे काठावरील लोकांस हैराण करीत. १९४९ मध्ये त्यावर डीडीडी हे द्रव्य योजिले. डीडीटीच्या मानाने ते माशांस सौम्य, म्हणून ही निवड. तीत निष्काळजीपणा नव्हता. प्रमाण होते पाण्याच्या ७ कोटी भागांस एक भाग. १९५४ आणि १९५७ साली ते ५ कोटींस एक असे वाढविण्यात आले.

१९५४ च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक पश्चिमी ग्रीब मृत आढळले. हा मत्स्याहारी पक्षी आपल्याकडील टिबुकलीच्याच कुलातला. संसर्गजन्य रोगाचा पुरावा मिळेना. पुढे मृत पक्ष्यांच्या चरबीची तपासणी झाली, तेव्हा तीत डीडीडीचे प्रमाण दशलक्ष भागांस १६०० इतके निघाले : सरोवरात टाकलेल्या मात्रेच्या ८०,००० पट. पाण्यात मात्र थोड्याच अवधीत त्याचा मागमूस उरलेला नव्हता. ते नाहीसे झाले नव्हते. सरोवरातील सजीवांच्या देहांत गेले होते. प्लवकांत दशलक्षास सुमारे ५ भाग, त्यांवर जगणाऱ्या माशांत त्याहून अधिक, आणि मासे खाणाऱ्यांत सर्वाधिक. पूर्वी हजाराहून अधिक असलेल्या ग्रीबच्या जोड्या १९६० मध्ये सुमारे ३० उरल्या. हंट आणि बिशॉफ यांनी त्याच वर्षी हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

येथे पाण्याचे आकडे चुकलेले नव्हते. प्रश्न अपुरा होता. द्रव्य किती विषारी आहे हे विचारले गेले, ते कोठे जाऊन राहते हे नव्हे. यास्तव आज द्रव्याची मेदप्रियता आधीच तपासतात. ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र ठेविले असता ते पहिल्यात दुसऱ्याच्या किती पट विरघळते, हे तिचे माप. युरोपीय पद्धतीत हे गुणोत्तर १००० च्या घरात गेले, की मत्स्यभक्षक पक्ष्यांचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त होते. डीडीडीच्या बाबतीत ते सुमारे १० लाख आहे.