लात्वियातील यानी : सर्वांत छोट्या रात्रीचा सण

बाल्टिक समुद्राकाठच्या लात्विया या सुमारे १९ लाख वस्तीच्या देशात २३ जूनची संध्याकाळ 'लीगो' आणि २४ जूनचा दिवस 'यानी' म्हणून साजरा होतो. दोन्ही दिवस सरकारी सुट्टी असते. राजधानी रिगा ५७ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तिथे या सुमारास दिवस जवळजवळ अठरा तासांचा होतो आणि सूर्य मावळला तरी आकाश पुरते काळवंडत नाही. या रात्री कोणी झोपायचे नसते. जो झोपेल तो सबंध उन्हाळा पेंगत राहील, अशी समजूत आहे.

सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचतो २० किंवा २१ जूनला. सण त्यानंतर येतो याचे कारण जुन्या कालगणनेत आहे. रोमन लोक अयनदिन २४ जूनच्या सुमारास धरत. पुढे चर्चने बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा जन्मदिवस नाताळच्या सहा महिने आधी, त्याच तारखेला ठेवला. 'यानी' हे नाव त्या योहानाचेच. पण लात्वियन लोकगीतांतला यानिस बायबलातल्या संतासारखा मुळीच नाही. तो देवाचा मुलगा आहे, घोड्यावर बसून वर्षातून एकदा येतो आणि शेताशिवाराला बरकत देऊन जातो. त्याच्या नावाने घरोघर गात फिरणाऱ्या पाहुण्यांना 'यानीची लेकरे' म्हणतात. ही लेकरे नुसती गात नाहीत, यजमानाचे शेतही पारखतात. भाजीच्या वाफ्यात तण दिसले की त्यावर तिथल्या तिथे गाणे रचले जाते.

या चेष्टेमागे शेतीचे वेळापत्रक आहे. यानीपर्यंत पेरणी उरकलेली असते, निंदणी झालेली असावी अशी अपेक्षा असते आणि चाऱ्यासाठी गवत कापण्याचे मोठे काम अजून सुरू व्हायचे असते. गाई नव्या कुरणात चरत असल्याने दुधाची रेलचेल असते. म्हणून सणाचे पक्वान्न म्हणजे दुधाचे चीज आणि पेय म्हणजे सातूची बिअर. चीज घरची मालकीण वाटते, तिला 'यानीची आई' म्हणतात. बिअर मालक वाटतो, तो 'यानीचा बाप'. हात आखडता घेणाऱ्या घराची गाण्यांतून बेअब्रू होते.

यानीचे चीज करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दूध उकळीच्या बेताला आणून त्यात चक्का कुस्करून घालतात. पिवळसर निवळी सुटली की ती गाळून टाकतात. उरलेल्या गोळ्यात लोणी, अंडी, मीठ आणि शहाजिरे घालून तो लवचिक होईपर्यंत मंद आचेवर घोटतात. मग गरम असतानाच कापडात पुरचुंडी बांधून वर वजन ठेवतात. थंड झाल्यावर कापड सोडले की पिवळ्या वाटोळ्या चीजवर मधोमध गाठीचा ठसा दिसतो आणि त्यापासून कापडाच्या चुण्या किरणांसारख्या पसरलेल्या असतात. सूर्याचे इतके सरळ चित्र दुसऱ्या कुठल्या खाद्यपदार्थात क्वचितच सापडेल. युरोपीय संघाने २०१५ मध्ये या चीजच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिले.

दुसरी तयारी पानाफुलांची. या दिवसांत तोडलेल्या वनस्पतींत सर्वाधिक गुण असतो, असे मानतात. बर्चच्या फांद्या खोल्यांत उभ्या करतात, दारांना रोवनच्या डहाळ्या लावतात, कारण चेटकिणी त्यांना भितात. पुरुष ओकच्या पानांचा मुकुट घालतात, बायका रानफुलांचा. त्यात सत्तावीस प्रकारची फुले-पाती असावीत असा जुना आग्रह आहे. गाईंनाही हार चढतात. सणातली काही पाने वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात गुरांना घालतात किंवा त्यांचा चहा करतात. मातीशी जवळीक दाखवणाऱ्या एवढ्या प्रथांत ही खरी मोलाची वाटते. तीत सणाचा प्रत्यक्ष उपयोग सहा महिन्यांनी होतो.

सूर्य मावळण्याआधी होळी पेटते आणि उगवेपर्यंत विझू द्यायची नसते. ती शक्यतो टेकडीवर लावतात, काही ठिकाणी उंच खांबावर डांबराचे पिंप पेटवतात. उजेड जिथवर पोचेल तिथवरची जमीन पिकेल, ही त्यामागची श्रद्धा. सोळाव्या शतकातला बखरकार बाल्तझार रुसोव आपल्या लिव्होनियाच्या (आजच्या लात्विया-एस्टोनियाच्या) बखरीत योहानाच्या रात्री देशभर पेटणाऱ्या आगी, नाच आणि गाणी यांचे वर्णन करतो. म्हणजे चर्चच्या राज्यातही हे सारे उघडपणे चालू होते. जोडपी आगीवरून उडी मारतात, मध्यरात्री 'नेच्याचे फूल' शोधायला रानात जातात. नेच्याला फूल येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. पहाटे दवाने तोंड धुतात.

सणाचा प्राण मात्र गाण्यांत आहे. दायना म्हणजे बहुधा चार ओळींचे लोकगीत. यानीच्या गाण्यांत प्रत्येक ओळीमागे 'लीगो, लीगो' हे पालुपद येते. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) यांनी गावोगावहून आलेल्या दायना छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवून खास बनवलेल्या कपाटाच्या खणांत लावल्या आणि १८९४ ते १९१५ या काळात सुमारे २ लाख १८ हजार पाठ छापून काढले. ते कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. २००१ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव म्हणून नोंद केली. रूदोल्फ्स ब्लाउमानिस यांचे १९०२ चे, याच सणाभोवती गुंफलेले विनोदी नाटक आजही जूनमध्ये रंगभूमीवर येते.

सोव्हिएत सत्तेला हा सण राष्ट्रवादाचा अड्डा वाटला. १९५९ मध्ये 'राष्ट्रवादी' ठरवलेल्या स्थानिक कम्युनिस्टांना दूर करून आर्विद्स पेल्शे पक्षप्रमुख झाले आणि यानीवर बंदी आली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सैल पडली. देऊळ, पुरोहित, मिरवणूक यांपैकी कशावरच हा सण उभा नसल्याने बंद पाडायला हाती काही लागत नाही. चीज स्वयंपाकघरात होते, फुले बांधावर मिळतात, गाणी पाठ असतात.

गोव्यात याच २४ जूनला याच संताचा सांजांव साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे 'कोपेल' तिथेही असते, पण आगीऐवजी पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या पडतात आणि नव्या जावयाचा मान होतो. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या संताने कोकणच्या ऋतूशी असे जुळवून घेतले. यानीनेही असाच प्रवास केला : दुसऱ्या महायुद्धानंतर परागंदा झालेले लात्वियन ऑस्ट्रेलियातही गेले. तिथे यानी ऐन थंडीत येतो, रात्र सर्वांत मोठी असते.

आज निम्म्याहून अधिक लात्वियन शहरांत राहतात, तरी २३ जूनला दुपारपासून रिगा रिकामे होऊ लागते आणि गावांकडच्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. कोणा मराठी प्रवाशाला हा सण पाहायचा असेल तर त्याने २२ जूनला रिगात पोचून कॅथेड्रलच्या चौकातला पानाफुलांचा बाजार पाहावा, एक मुकुट विकत घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शहर सोडून एखादे शेतघर गाठावे.