अंतराळवीरांची सही आणि तिचे मोल

सही म्हणजे कागदावरच्या दोन-चार रेघा. पण तिच्यामागे माणूस उभा असतो. पगारपत्रकावर, करारावर, नुकसानभरपाईच्या अर्जावर सही करणारा माणूस काय पणाला लावीत असतो, हे कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना नित्य दिसते. म्हणूनच अंतराळवीरांच्या सह्या जमविण्याचा छंद आम्ही निव्वळ धनिकांची चैन मानीत नाही. त्याच्या इतिहासात श्रम, जोखीम व कुटुंबाची काळजी यांचाच हिशेब सापडतो.

१९६९ सालच्या जुलैत अपोलो-११ चंद्राकडे निघाले, त्यापूर्वी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स यांच्यापुढे एक अगदी घरगुती प्रश्न होता : आपण परतलो नाही, तर बायकामुलांचे काय? अशा कामाचा पुरेसा विमा परवडेल अशा हप्त्यात मिळणे कठीण. तेव्हा त्यांनी उड्डाणापूर्वीच पाकिटांवर सह्या करून ती विश्वासू माणसाच्या हाती सोपविली. उड्डाण आणि चंद्रावरील अवतरण अशा महत्त्वाच्या दिवशी त्यांवर टपालाचा शिक्का मारून घ्यावयाचा व ती कुटुंबांकडे पोचवावयाची, अशी योजना होती. दुर्दैवाने काही बरेवाईट घडलेच, तर ही पाकिटे विकून संसार चालावा, हा हेतू. अपोलो-१६ पर्यंत ही रीत चालली. संग्राहक यांना ‘विम्याची पाकिटे’ म्हणतात. ती अंतराळात गेलीच नाहीत. तरी त्यांचे मोल मोठे, कारण त्यांवरील सही जिवावर उदार झालेल्या माणसाने घरच्यांसाठी केलेली आहे.

आता दुसरी बाजू पाहा. १९७१ साली अपोलो-१५ च्या स्कॉट, वर्डेन व अर्विन या तिघांनी परवानगीवाचून ३९८ पाकिटे चंद्रावर नेली. परतल्यावर त्यांतील १०० एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली. मुलांसाठी काही शिल्लक टाकावी, हाच त्यांचाही विचार होता. पण १९७२ साली प्रकरण उघडकीस आले, तिघांना ठपका मिळाला आणि उरलेली पाकिटे सरकारने ताब्यात घेतली. ती १९८३ साली, कोर्टात दावा लागल्यानंतर, परत मिळाली. नियम मोडला, तो मोडलाच. त्याची भलावण आम्ही करणार नाही. परंतु ज्याच्यासाठी माणूस जीव धोक्यात घालतो, त्यानेच त्याच्या संसाराची हमी घ्यावयास हवी, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. गरज दोन्ही ठिकाणी एकच होती. मार्ग तेवढे निराळे.

मग संग्राहकाने पारख कशी करावी? पहिली गोष्ट ही की, सही केलेली वस्तू आणि अंतराळात जाऊन आलेली वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरू नये. दुसरी, सही यंत्राची नाही ना, हे पाहावे. मागणी फार वाढली तेव्हा अमेरिकेत अंतराळवीरांच्या नावे सही करणारी यंत्रे वापरली गेली. दोन सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या, तर संशय घ्यावा. जिवंत हात तीच सही हुबेहूब दुसऱ्यांदा करीत नाही! तिसरी, वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याचे कागद मागावेत.

आणि देशोदेशींच्या संयुक्त मोहिमांच्या सह्या जमवाव्यात. १७ जुलै १९७५ रोजी अपोलो व सोयूझ ही याने अंतराळात जोडली गेली आणि स्टॅफर्ड व लिओनोव यांनी हस्तांदोलन केले. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा हे मालिशेव व स्त्रेकालोव यांच्यासह सोयूझ टी-११ मधून गेले. अशा मोहिमेतील सोबत्यांच्या सह्या एका कागदावर शेजारी शेजारी दिसल्या की, ज्यांनी एकमेकांच्या भरवशावर जीव सोपविला त्यांचा तो करारनामाच वाटतो. किंमत विचारण्याआधी तो वाचावा, एवढेच आमचे सांगणे आहे.