डोंगर राखायचा, पण शेळीवालीचे काय?

बकरी ईद दोन महिन्यांवर आली की अनेक घरांत दावणीला बोकड येतो. पण अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांमध्ये शेळी केवळ ईदपुरती नसते. संगमनेरी शेळी तर याच जिल्ह्याची जात, दुधालाही आणि मांसालाही. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी दारातली शेळी हीच बँक. मुलाची फी असो वा दवाखाना, एक शेळी विकून वेळ निभावते. अशा घरासमोर गाव जेव्हा म्हणते, ‘आजपासून डोंगर बंद’, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो?

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहू. नगर तालुक्यातील हे गाव, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे मुंबई-पुण्याला गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ पासून गावाने आदर्श गाव योजनेत काम सुरू केले. डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडे लावली, श्रमदान केले. त्याबरोबर दोन कडक नियम आले : कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

चराईबंदीमागचे कारण साधे आहे. शेळी कोवळा शेंडा खाते, त्यामुळे रोप वर येत नाही. गवताला बी धरण्याआधीच ते संपले, तर पुढच्या वर्षी जमीन उघडी राहते. मग पावसाबरोबर माती वाहून जाते आणि पाणी मुरत नाही. मात्र हिवरे बाजारने गवत बंद केले नाही, जनावर सोडणे बंद केले. विळ्याने कापून डोक्यावर भारा न्यायचा आणि जनावर गोठ्यातच खाऊ घालायचे. २००० मध्ये सुमारे १०० टन असलेले गवत २००४ पर्यंत सुमारे ६००० टनांवर गेले. दूध वाढले, विहिरींना पाणी आले, बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. या गावात मुस्लिम कुटुंब एकच. त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली, हेही आपण लक्षात ठेवावे.

तरी प्रश्न उरतोच. गाय-म्हैस घ्यायला सगळ्यांकडे पैसा नसतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईने गवत कापायला कधी जायचे? असे नियम करताना तिला कोणी विचारले नाही, तर ती रात्री चोरून शेळ्या सोडेल आणि डोंगरही राखला जाणार नाही.

हा प्रश्न आपल्या इतिहासात फार पूर्वी सुटला आहे. अरबस्तानात राखीव कुरणाला ‘हिमा’ म्हणत. अशा एका कुरणावर हजरत उमर (र.) यांनी हुनै नावाचा माणूस नेमला, तेव्हा दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. तिचा आशय असा : ज्याच्याकडे मोजकेच उंट किंवा मोजक्याच मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (र.) यांच्या कळपांना मात्र नाही. श्रीमंतांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो लेकरांसह माझ्या दारी येईल. त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणे सोपे आहे.

म्हणजे कुरण राखायचेच, पण त्यातला पहिला हक्क गरिबाचा.

आपल्या गावात चराईबंदीचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेला जाऊ या, घरातील बायकांनाही नेऊ या. विरोधासाठी नव्हे, तर भूमिहीनाच्या गवताचा वाटा ठरावात लिहून घेण्यासाठी. सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावा, हेही मांडता येईल. आणि ज्यांच्याकडे बांध आहे त्यांनी शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावी. दावणीच्या बोकडाला पाला मिळेल आणि शेजारच्या शेळीवालीलाही दोन फांद्या देता येतील.